तोकुरा जेवायला बसतो

१

आचऱ्याच्या खाडीकाठी बानूचं घर आहे. तिथं रोज दुपारी तीन ताटं वाढली जात आणि जेवायला माणसं दोनच. बानू आणि तिची तेरा वर्षांची लेक अर्शिया. तिसरं ताट समदचं, म्हणजे बानूच्या नवऱ्याचं. तो मासेमारी बोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता, ऑगस्टात बोट घेऊन गेला तो परत आलाच नाही.

ताट वाढायची ही रीत त्या घरात बानूच्या सासूपासून चालत आलेली. माणूस समुद्रावर असला की आधी त्याचं ताट वाढायचं, मग घरच्यांची. जेवणं आटोपली की ते ताट घरातल्या सगळ्यात धाकट्यानं संपवायचं. माणूस परत आला की ताट त्याच्या हातात जायचं, आणि गेल्याची खबर आली तर मशिदीत. मधला रस्ता सासूनं सांगितला नव्हता, कारण तिच्या नशिबी तो आलाच नव्हता.

बानू मात्र मधेच अडकून पडली होती. वादळ झालं, बोट वेंगुर्ल्याच्या बाजूला उलटी मिळाली, दोन खलाशांचे देह किनाऱ्याला लागले. एक खलाशी जिवंत सापडला. तो बानूच्या दारात उभा राहून खाली मान घालून म्हणाला की तांडेल पाण्याखाली गेलेला त्यानं स्वतः पाहिला. मौलवींनी मग समजावलं, पाहिलेला माणूस आहे, देहाशिवायची गायबाना नमाज पढून घेऊ, आणि बानूनं इद्दतीला, म्हणजे विधवेनं पाळायच्या सव्वाचार महिन्यांच्या मुदतीला बसावं. समदचा थोरला भाऊ मुख्तार खारेपाटणला दुकान चालवतो. तो दर जुम्म्याला येऊन तेच सांगायचा.

बानूचं उत्तर ठरलेलं होतं. वादळात कोणाला काय दिसतं? मय्यत दाखवा, मग बसते. असं म्हणून ती आत जाई आणि तांदूळ धुवायला घेई, दोन माणसांचे नव्हे, तिघांचे.

२

अर्शियाला जपानी चित्रकथांचं वेड समदनंच लावलं. बोट गोव्याला लागली की पणजीच्या एका दुकानातून तो तिच्यासाठी एकेक भाग आणायचा. इंग्रजी त्याला बेताचंच. पण ही पुस्तकं उजवीकडून उघडायची असतात, आणि मदरशात शिकलेल्या समदला त्याचं काही नवल वाटलं नाही. शेजारच्या संचितानं एक भाग आपल्या सवयीनं डावीकडून उघडला आणि शेवट आधीच वाचून टाकला, तेव्हा बाप-लेक पोट धरधरून हसले होते. बानूला ते हसू अजून ऐकू यायचं.

समदनं शेवटी आणलेल्या भागांमध्ये तोकुरा नावाचा एक माणूस होता. अंगात शाळामास्तरासारखा काळा कोट, कपाळावर केस आलेले, चेहरा कधी पुरता दिसत नाही. ज्या घरात कोणी बेपत्ता असेल त्या घरात तो दिसू लागतो. ओरडत नाही, मारत नाही, काही मागतसुद्धा नाही. त्याच्यासमोर बसून घरातली माणसंच एकेक गोष्ट सोडून देतात, मैत्रिणी, खिडक्या, शाळा, आणि प्रत्येक वेळी तो हळूच म्हणतो, तुमची मर्जी. अर्शियानं हे सगळं आईला सांगितलं होतं, सिनेमाची गोष्ट सांगावी तसं. बानू म्हणाली होती, मेल्याला दुसरा धंदा नाय काय.

डिसेंबरात एका दुपारी ताटं घासताना बानूचा हात थांबला. बांगड्याचं कालवण झालं होतं. समदचं ताट रीतीप्रमाणे अर्शियानं संपवलं होतं. अर्शिया काटे चावून चघळून ताटात ढीग करायची, बापासारखीच, आणि त्यावरून बोलणीही खायची. त्या दिवशी तसा ढीग नव्हता. ताटाच्या कडेवर काटे एकाशेजारी एक मांडून ठेवले होते, सगळ्यांची टोकं एकाच बाजूला. मधला कणा अख्खा, त्याला मांसाचा कणही चिकटलेला नव्हता.

बानूनं अर्शियाला विचारलं. ती म्हणाली, पुस्तकात तोकुरा तसं खातो. बानूला एकदम हलकं वाटलं. पोर पुस्तकातलं करून बघतेय, दुसरं काय! तिनं काटे खरवडून मांजरापुढे टाकले. मांजरानं ते हुंगले आणि ते निघून गेलं.

३

मग संचिता येईनाशी झाली. बानूला वाटलं, मुलींचं भांडण झालं असेल. पण संचिताची आई माडाखाली भेटली तेव्हा तिनं सांगितलं की अर्शियानंच संचिताला यायला नको म्हटलंय, आणि तिनं घरी येऊन डोळे सुजवले. त्याच आठवड्यात माजघराची खाडीकडची खिडकी बंद झाली. त्या खिडकीतून पूर्वी बोटींचे दिवे दिसायचे.

बानूनं खिडकी उघडली की अर्शिया उठून ती लावायची. तिसऱ्यांदा बानूनं हात धरला तेव्हा मुलगी शांतपणे म्हणाली, "खिडकी उघडी ऱ्हवली तर अब्बा येवचे नाय."

"कोण म्हणता असां?"

"कोण म्हणत नाय. मी तेका विचारलंय, खिडकी लावू? तर तो म्हणालो, तुमची मर्जी."

बानूनं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. आता इथं शहाण्या बाईनं काय करायला हवं होतं ते सांगायला सगळं आचरा पुढे येईल. पण तिच्या नवऱ्याच्या येण्याची गोष्ट त्या घरात महिनोन्महिने तिच्याशिवाय कोणी केली नव्हती. सगळे नमाज पढा, इद्दतीला बसा एवढंच म्हणत होते. अब्बा येतील म्हणणारं दुसरं माणूस जगात हेच एक होतं. बानूनं खिडकीची कडी लावून टाकली.

पुढच्या जुम्म्याला मुख्तार आला तर अर्शिया आतल्या दारात उभी राहून आईकडे नुसती बघत राहिली. बानूनं दिराला ओटीवरूनच वाटेला लावलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. तो गेल्यावर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण दुपारी ताटं वाढताना अर्शिया तिच्याकडे पाहून हसली. कितीतरी दिवसांनी हसली होती. तेवढ्यासाठी बानूनं गावातल्या सगळ्यांना वाटेला लावलं असतं.

४

घरात एक आवाज येऊ लागला. बानू जेवण झाल्यावर चुलीपाशी भांडी आवरायची, अर्शिया समदच्या ताटापाशी बसलेली असायची, आणि माजघरातून आवाज यायचा, टिक. स्टीलच्या कडेवर हाड ठेवल्याचा. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा टिक. चावण्याचा किंवा हाताचा आवाज मात्र कधी आला नाही.

ती वळून बघायची तेव्हा अर्शिया मांडीवर हात ठेवून बसलेली असायची. ताट संपलेलं असायचं.

बानू भोळी होती, पण आंधळी नव्हती. मुलीची गळ्याखालची हाडं दिसू लागली होती. अर्शिया स्वतःच्या ताटातलं चिवडायची आणि मग गुपचूप समदच्या ताटात सारायची. बानूनं जवळ घेऊन विचारलं, तेव्हा ती रडली. अब्बा जिथं आहेत तिथं त्यांना कोणी जेवायला देत नाही, म्हणाली. हा जेवला की ते त्यांना पोचतं. जास्त जेवला की जास्त पोचतं.

"आणि तू? तू काय खाशी?"

"माका भूक नाय लागत, अम्मी. अब्बाक लागता."

बानूनं तिला पोटाशी धरलं. तिला तोकुराचा राग आला, पुस्तक लिहिणाऱ्याचा आला, पणजीच्या दुकानाचा आला. समदचाही आला, आणि त्याचा राग आला म्हणून ती मग एकटीच न्हाणीत जाऊन रडली.

दुसऱ्या दिवशी अर्शिया झोपलेली असताना तिनं पुस्तकं काढली. इंग्रजी तिला येत नव्हतं. पण अलिफ बे शिकलेली होती, उजवीकडून सुरुवात करून चित्रं बघत गेली. तिला वाटलं होतं, पहिल्याच पानावर हा कोटवाला दारातून आत येताना दिसेल. तसं चित्र कुठंच नव्हतं. पहिल्या पानावर एक बाई होती. तिनं जेवणाऱ्याला बसायला बसकूर मांडलं होतं, वाडग्यात भात वाढला होता आणि समोर कोणी नव्हतं. दुसऱ्या पानावर तीच बाई, तोच वाडगा. असं बरीच पानं. मग एका पानावर वाडग्यापाशी कोटाची बाही दिसत होती. तो आलाच नव्हता कुठून. जागा मांडलेली होती, तो तिथं बसला होता.

शेवटच्या भागात त्या घरातली सगळी माणसं रिकाम्या वाडग्यांपुढे ओळीनं बसलेली होती. अंगावर कपडे लोंबत होते. तो जेवत होता. आणि त्या बाईचा चेहरा चित्रकारानं काढलाच नव्हता, केसांच्या मधे पांढरा कागद.

बानूनं सगळी पुस्तकं पिशवीत भरली आणि संचिताच्या आईकडे नेऊन दिली. अर्शिया जागी झाल्यावर तिनं ती शोधलीसुद्धा नाहीत. दुपारी ताटं वाढली, बानू चुलीपाशी गेली आणि माजघरातून आवाज आला, टिक.

५

जानेवारीत अर्शिया शाळेतच कोसळली. दवाखान्यात डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, पण त्यांनी बानूला बाजूला घेऊन विचारलं की घरात जेवायला असतं ना. मासेवाल्याच्या बायकोला कोणी असं विचारावं! बानू मान खाली घालून असतं म्हणाली. मुलगी अशीच राहिली तर हातची जाईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

काय करायचं ते बानूला त्याच क्षणी कळलं होतं. ताट उचलायचं आणि मशिदीत द्यायचं. लहान मुलालाही जमेल असं काम. पण ते ताट उचलणं म्हणजे समद गेला असं म्हणणं, आणि ते ती म्हणत नव्हती म्हणूनच आजवर उभी होती. तिनं ते उद्यावर टाकलं. उद्या उजाडल्यावर पुन्हा उद्यावर टाकलं.

मधल्या एका दुपारी तिनं जे केलं ते सांगायला जीभ रेटत नाही. अर्शियाला सलाईन लावून आणलं होतं, ती खोलीत पडून होती. माजघरात बानू आणि ताट, दोघंच. बानूनं सुरमईची तुकडी घातली, वर आणखी एक घातली. मग स्वतःच्या ताटातली उचलून तीही घातली. आणि समोरच्या मोकळ्या जागेला तिनं विचारलं, अगदी हळू, लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून, "तेका खरांच पोचता काय?"

ती चुलीकडे वळली आणि मागे आवाज आला, टिक. आणि बानूला आनंद झाला. असा आनंद तिला ऑगस्टनंतर झाला नव्हता. समद कुठेतरी सुरमई खातो आहे या विचारानं तिचे डोळे भरून आले आणि ती चुलीपुढे उभ्याउभ्या हसली. मग तिला आपलं हसू ऐकू आलं. मग तिला ते पांढऱ्या कागदाचं तोंड आठवलं.

ती धावत खोलीत गेली. अर्शिया जागी होती. आईला काय झालं हे न विचारताच तिला कळलं असावं, कारण ती मायेनं म्हणाली, "बघलंस? तुकापण बरां वाटता ना?"

त्या मायेनं बानूचं काळीज फाटलं. उपाशी पोर आईला आपल्या ओळीत बसवून घेत होती, आणि आई बसायला निघाली होती.

६

दुसऱ्या दिवशी तिनं मुख्तारला फोन केला. त्याला म्हणाली, मौलवींना घेऊन या, आज नमाज पढायची. मुख्तार फोनवरच रडायला लागला. तो खारेपाटणहून यायला दुपार टळणार होती, पण ताट उचलायचं काम बानूला कोणाच्या आधारानं करायचं नव्हतं. समोर माणसं असली तर ती रडली असती, आणि रडली असती तर थांबली असती.

दुपार लख्ख होती. तिनं पुढचं दार उघडं टाकलं, खाडीकडची खिडकी उघडली. माजघर पांढरंशुभ्र झालं. बाहेर कोणीतरी सुकत घातलेला जवळा परतत होतं, त्याची खरखर येत होती. अर्शिया आपल्या ताटापुढे भिंतीला टेकून बसली होती. समदचं ताट रीतीप्रमाणे वाढलेलं होतं, भात, कालवण, तळलेली तुकडी, कारण शेवटच्या दिवशी रिकामं ताट उचलणं बानूच्यानं झालं नसतं. ती ताटासमोर बसली.

"अर्शिया, बाय, ऐक," ती म्हणाली. "तुझो अब्बा गेलो. तो येवचो नाय. पाण्यात गेलो तो. बघलेल्या माणसान सांगल्यान, माकाच ऐकूचां नाय होतां."

अर्शियानं ओठ दाबून मान हलवली, नाही, नाही. बानूनं दोन्ही हातांनी ताटाच्या कडा धरल्या आणि वर ओढलं. ताट उचललं गेलं नाही.

तिला आधी वाटलं, ओलं झालंय, फरशीला चिकटलंय. मग समोरच्या कडेवर बोटं दिसली.

काळी बाही नव्हती. उघडा हात होता, मनगटापर्यंत, त्यापुढे बानूनं पाहिलं नाही, मान वर करायचं बळ तिच्यात नव्हतं. तळव्याच्या कडेला जाळ्याच्या दोरानं सोलल्याची जुनी खूण होती, रुंद आणि गुळगुळीत. लग्नाच्या पहिल्या रात्री त्या खुणेवर तिनं बोट फिरवून विचारलं होतं, दुखतं काय. नखांत वाळू होती. हातावरून पाणी निथळून भातात पडत होतं.

"बानू," समद म्हणाला. आवाज त्याचाच, बोटीवरून येऊन दमून बसला की लागायचा तसा. "भूक लागली गो."

तिचे हात सैल पडले. सगळं खोटं, हा पुस्तकातला मेला आहे, त्यानं हात उसना आणलाय, असं तिची अक्कल तिला सांगत होती. पण त्या आवाजापुढे अक्कल काय करणार? पाच महिने ती हीच हाक ऐकायला जगली होती. तिला त्याला भरवावंसं वाटलं. स्वतःच्या हातानं घास करून भरवावंसं वाटलं.

तिनं अर्शियाकडे पाहिलं. मुलगी भिंतीपासून सुटून पुढे सरकली होती, तिच्या मनगटाचं हाड त्वचेतून बाहेर येईल असं दिसत होतं. स्वतःसमोरचं ताट ती बापाकडे ढकलत होती.

बानूनं ओढलं. तिला वाटलं होतं, ओढाताण होईल. पण बोटं लगेच सुटली, एकेक करून, जपून, भात सांडू नये म्हणून. समदनं तेच केलं असतं. तोकुरानंही तेच केलं असतं. ताट छातीशी धरून बानू उठली, कालवण पदरावर सांडलं. मागे न बघता ती दारातून बाहेर पडली आणि उन्हात, माडांमधून, मशिदीपर्यंत चालत गेली. मागे अर्शिया ओरडत होती. समदचा आवाज पुन्हा आला नाही.

७

नमाज झाली. बानू इद्दतीला बसली. मुख्तारची बायको नाझनीन तिच्याजवळ राहायला आली आणि घरात दोन वेळा चूल पेटू लागली. बानूनं हातातल्या बांगड्या उतरवल्या तेव्हा ती इतकी रडली की नाझनीन घाबरून पाणी घेऊन उभी राहिली. सगळे म्हणाले, बरं झालं, मोकळी झाली एकदाची.

अर्शिया जेवू लागली. आधी पेज, मग मऊ भात, मग मासे. तिच्या ताटात पुन्हा काट्यांचा ढीग पडू लागला. उन्हाळ्यात संचिता तिला न्यायला आली आणि दोघी आंबे उतरवलेले बघायला गेल्या, परत येताना हसत होत्या. डॉक्टरीणबाईंनी तिचं वजन बघून बानूच्या पाठीवर थाप मारली. माजघरात आता काही आवाज येत नाही. बानू कधीकधी मुद्दाम चुलीपाशी पाठ करून उभी राहते आणि ऐकते, तरी येत नाही.

आईशी मुलगी नीट वागते. विचारलं तर उत्तर देते, सांगितलं तर काम करते. फक्त आपणहून जवळ येत नाही. नाझनीन म्हणते, वयच तसं आहे, येईल.

इद्दत संपली त्या दिवशी दोघीच जेवायला बसल्या होत्या. दोनच ताटं होती. बानू भात वाढायला पुढे वाकली तेव्हा अर्शिया म्हणाली, रागानं नाही, साधंच, जसं खिडकीबाहेर बघून सांगावं,

"अम्मी, तू तेका उपाशी उठवलंस."

बानूच्या हातातला डाव थांबला. कोणाला, हे तिला विचारायचं होतं. मुलीला ते ठाऊक असेल असं तिला वाटलं, आणि म्हणूनच विचारायची हिंमत झाली नाही.

"व्हय," ती म्हणाली.

तिनं मुलीला भात वाढला, त्यावर कालवण घातलं, तुकडी घातली. मुलगी जेवू लागली. ती जेवेपर्यंत बानू समोर बसून राहिली. स्वतःच्या ताटातल्या भाताला तिनं हात लावला नाही.